बाळाचा मेंदू, घट्ट खिमट आणि आईचं बी-१२

प्रश्न थोडक्यात असा आहे. मुलगी साडेसात महिन्यांची, पूर्ण दिवसांची, जन्माचं वजन पावणेतीन किलो. सहा महिने फक्त अंगावरचं दूध. सातव्यात उष्टावण झालं. सध्या वरणाचं पाणी, भाताची पेज, सफरचंदाचा गर आणि रोज सकाळी गुटी. पुढच्या महिन्यापासून आईचं ऑफिस सुरू होणार, म्हणून सासूबाईंचं म्हणणं की बाटलीने गायीचं दूध द्यावं आणि त्यात बदाम उगाळून घालावा, बुद्धीला चांगला. मैत्रिणीने 'मेंदूसाठी डीएचए' (हे एक स्निग्धाम्ल) असं छापलेला दूध-पावडरचा डबा आणून दिला आहे. घर पूर्ण शाकाहारी, अंडंही नाही. आई विचारते: "पहिल्या दोन वर्षांत मेंदू घडतो असं सगळे सांगतात. मग या सगळ्यातलं नेमकं काय द्यायचं?"

मी बडोद्यात बालरोगतज्ज्ञ म्हणून काम करते. रावपुरा-दांडिया बाजारातल्या जुन्या मराठी घरांतली बाळं माझ्याकडे येतात, तशीच मांजलपूर-गोत्रीकडच्या सोसायट्यांतलीही येतात, आणि थोड्याफार फरकाने हाच प्रश्न घेऊन येतात. म्हणून आधी उत्तर सांगते, कारणं मागाहून. तुमच्या मुलीच्या मेंदूला आज सगळ्यात जास्त गरज आहे ती लोहाची आणि बी-१२ या जीवनसत्त्वाची, ती ज्यातून मिळतील अशा घट्ट अन्नाची, आणि ते भरवताना तिच्याशी बोलणाऱ्या माणसाची. बाटलीतलं दूध, उगाळलेला बदाम किंवा तो डबा यांनी ही गरज भागणार नाही.

मेंदूची वाढ इतक्या लवकर होते हे तुम्ही ऐकलंत ते खरं आहे. जन्मतः बाळाच्या मेंदूचं वजन मोठ्या माणसाच्या मेंदूच्या साधारण पाव असतं, आणि दुसऱ्या वाढदिवसापर्यंत ते पाऊण हिश्शाच्याही पुढे जातं. डोक्याचा घेर जन्माला ३४-३५ सेंटिमीटर, वर्षाचं होईपर्यंत ४६ च्या आसपास. त्यापुढच्या अख्ख्या वर्षात मात्र तो फक्त दोनेक सेंटिमीटर वाढतो. बाळ शांत पडलेलं असतं तेव्हाही त्याच्या शरीराला लागणाऱ्या ऊर्जेतला निम्म्याहून जास्त वाटा एकटा मेंदू घेतो. मोठ्या माणसात हाच वाटा साधारण पाचवा असतो. या काळात मज्जातंतूंवर मायलिनचं स्निग्ध आवरण चढत असतं, आणि त्यामुळेच एका पेशीचा संदेश दुसरीकडे झपाट्याने पोचतो. हे आवरण नीट चढायला लोह लागतं, बी-१२ लागतं. लक्ष, स्मरण आणि उत्साह ज्यावर अवलंबून आहे त्या डोपामिन या मेंदूतल्या रसायनाच्या कामालाही लोह लागतं.

आता तुमच्या मुलीचा हिशोब पाहू. गरोदरपणाच्या शेवटच्या तीन महिन्यांत बाळ आईकडून लोह घेऊन यकृतात साठवतं. पूर्ण दिवसांच्या, चांगल्या वजनाच्या बाळाला हा साठा साधारण सहा महिने पुरतो. आई स्वतः पंडुरोगी, म्हणजे रक्त कमी असलेली, असेल, बाळ अपुऱ्या दिवसांचं किंवा अडीच किलोच्या आतलं असेल, किंवा जन्मल्याबरोबर घाईने नाळ कापली असेल, तर साठा त्याआधीच संपतो. नाळ निदान एक मिनिट थांबून कापावी असं जागतिक आरोग्य संघटना सांगते ते यासाठीच. त्या मिनिटभरात वारेतलं बरंचसं रक्त बाळात येतं. आईच्या दुधातलं लोह उत्तम पचतं, पण ते असतं फार थोडं. म्हणजे सहा महिने पुरे झाले की अंगावरचं दूध कितीही चांगलं आलं तरी लोहाची बाजू अन्नानेच सांभाळायला हवी. तुमच्या मुलीच्या वाट्याला आत्ता वरणाचं पाणी, पेज आणि सफरचंद येतं आहे. या तिन्हींत लोह नावालाच आहे.

यातली एक गोष्ट पालकांना सहसा कुणी सांगत नाही. शरीरात लोह कमी पडायला लागलं की उरलेलं लोह आधी रक्तातल्या तांबड्या पेशींकडे जातं आणि मेंदूची पाळी नंतर येते. म्हणजे हिमोग्लोबिनचा आकडा अजून ठीक दिसत असताना मेंदूला लोहाची तंगी सुरू झालेली असू शकते. 'रिपोर्ट नॉर्मल आहे' म्हणून खाण्याकडे दुर्लक्ष करू नका, असं मी म्हणते ते यामुळे. बेट्सी लोझॉफ यांनी कोस्टा रिकामधल्या बाळांचा कित्येक वर्षं माग ठेवला. ज्यांच्यात लोहाची कमतरता तीव्र आणि दीर्घकाळ होती, त्यांचं रक्त औषधाने सुधारलं, तरी शाळेच्या वयात आणि पुढे तारुण्यातही ती मुलं बौद्धिक चाचण्यांत मागेच राहिली. रक्त भरून निघतं, पण मेंदूच्या त्या महिन्यांची भरपाई पूर्ण होईलच याची खात्री नाही.

आणि हे दुर्मीळ मुळीच नाही. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत सहा महिने ते पाच वर्षं वयाची देशातली ६७ टक्के मुलं पंडुरोगी आढळली. गुजरातमध्ये हे प्रमाण जवळजवळ ८० टक्के निघालं. दुधाचा महापूर आणणाऱ्या राज्यात असं का, हा प्रश्न मला नेहमी अस्वस्थ करतो. उत्तराचा एक भाग त्या दुधातच आहे. लिटरभर गायीच्या दुधात लोह जेमतेम अर्धा मिलिग्रॅम असतं. त्यातलं कॅल्शियम आणि केसिन हे प्रथिन दुसऱ्या अन्नातलं लोहही नीट शोषू देत नाहीत. शिवाय वर्षाच्या आतल्या काही बाळांच्या आतड्यातून गायीच्या दुधामुळे डोळ्यांना न दिसणारा सूक्ष्म रक्तस्राव होत राहतो. सगळ्यात मोठं नुकसान तर अगदी साधं आहे: बाटलीभर दूध प्यायलेल्या बाळाला भूक लागत नाही, मग ते खिमट ढकलून देतं, मग घरचे म्हणतात 'ती खातच नाही, निदान दूध तरी पिऊ दे'. दीड वर्षाची, गोरीगोमटी, गुबगुबीत आणि तळहात पांढरेफटक पडलेली मुलं मी याच वाटेने आलेली पाहते. वजनाच्या तक्त्यावर ती अगदी व्यवस्थित असतात, त्यामुळे कुणाला शंकाही येत नाही.

म्हणून वर्षापर्यंत वरचं दूध हे मुख्य पेय म्हणून नको. खिमटात, खिरीत थोडं घातलं तर हरकत नाही. दही-ताक चालतं, उलट बी-१२साठी दही हवंच. वर्षानंतरही दिवसाला ४०० ते ५०० मिली ही कमाल मर्यादा समजा, आणि बाटली तर घरात आणूच नका. सासूबाईंना दूध देण्यात नातीची काळजीच आहे. त्यांना 'दूध वाईट' असं म्हणून दुखवू नका. 'वर्षापर्यंत आधी जेवण, मग आईचं दूध, आणि गायीचं दूध खिमटात' असं सांगितलं की बहुतेक आज्या मानतात, आणि एकदा पटलं की घरात त्यांच्याइतकं काटेकोर दुसरं कुणी नसतं.

आता खायला काय द्यायचं. वरणाचं पाणी आणि पेज आज बंद करा. त्यात पाणी असतं, ऊर्जा नसते, आणि साडेसात महिन्यांच्या बाळाचं पोट लहान आहे. पाण्याने भरलं की संपलं. खिमट इतकं घट्ट हवं की चमचा तिरका केला तरी ओघळून पडणार नाही. दोन वाट्या तांदूळ किंवा नाचणीला एक वाटी मुगाची किंवा मसुराची डाळ, भाजून भरड करून ठेवा. शिजताना त्यात पालक, राजगिरा, मेथी, शेवग्याचा पाला किंवा लाल भोपळा यांपैकी काहीतरी. उतरवल्यावर चमचाभर तूप, बारीक केलेलं शेंगदाण्याचं किंवा तिळाचं कूट आणि चार थेंब लिंबू. लिंबू हौसेसाठी सांगत नाही. धान्य-भाजीतलं लोह शरीराला सहजी मिळत नाही, आणि क जीवनसत्त्व सोबत असलं की ते शोषलं जाण्याचं प्रमाण लक्षणीय वाढतं. मीठ-साखर-गूळ वर्षाच्या आत नको. अळणी खिमट आपल्याला बेचव लागतं. तिने मिठाची चव अजून घेतलेलीच नाही.

शेंगदाण्याची भीती वाटत असेल तर लंडनमध्ये गिडियन लॅक आणि सहकाऱ्यांनी केलेला अभ्यास सांगते. ज्या बाळांना ॲलर्जीचा धोका जास्त होता, त्यांना वर्षाच्या आतच शेंगदाणा नियमित दिला, आणि पाच वर्षांच्या वयाला त्यांच्यात शेंगदाण्याची ॲलर्जी न देणाऱ्यांच्या मानाने खूपच कमी निघाली. २०१५ साली हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले आणि 'उशिरा द्या' हा जुना सल्ला मागे पडला. फक्त अंगावर मोठा इसब असेल तर आधी डॉक्टरांना दाखवा. आणि अख्खा दाणा कधीही नको, तो श्वासनलिकेत अडकतो, कूटच द्यायचं.

घट्ट खिमट बाळ गिळत नाही ही तक्रार खरी आहे, आणि तिच्यावरचा उपाय आपल्या बडोद्यातच अभ्यासला गेला आहे. महाराजा सयाजीराव विद्यापीठाच्या गृहविज्ञान शाखेत, अन्न आणि पोषण विभागात, तारा गोपालदास आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८० च्या दशकात मोड आणलेल्या धान्याच्या पिठावर काम केलं. गव्हाला, बाजरीला मोड आले की त्यात अमायलेज हे विकर तयार होतं, ते पिठूळ पदार्थ फोडतं. घट्ट, गोळा झालेल्या गरम लापशीत हे पीठ थोडंसं घातलं की काही मिनिटांत ती सैल, चाटून खाण्याजोगी होते. पाणी एक थेंबही वाढवलेलं नसतं, म्हणजे ऊर्जा होती तेवढीच राहते. इतकी स्वस्त आणि इतकी उपयोगी गोष्ट इथे सिद्ध झाली आणि तरी आपल्याच शहरातल्या घराघरांत अजून पोचलेली नाही, याचं मला मनापासून वाईट वाटतं. घरी करायला सोपी आहे. गहू रात्रभर भिजवा, फडक्यात बांधून दीड-दोन दिवस मोड येऊ द्या, उन्हात कडकडीत वाळवा, मोडांची शेपटं चोळून काढा, मंद आचेवर अगदी हलकं भाजून दळा. खूप भाजलंत तर विकर मरतं आणि पीठ निरुपयोगी होतं. खिमट शिजवून गॅसवरून उतरवा, वाफ जरा निवू द्या, मग वाटीभर खिमटात पाऊण-एक छोटा चमचा पीठ ढवळा. सैल झालं की पुन्हा एक उकळी काढा, म्हणजे जंतूंची भीती नको. नाचणीसत्त्वाचं आपल्याकडचं कामही याच जातीचं आहे: मोड आणल्याने नाचणीतलं, लोह अडवणारं फायटेट कमी होतं आणि लोह-कॅल्शियम जास्त मिळतं.

सुरुवातीला दोन-तीन मोठे चमचे, हळूहळू अर्धी वाटी, दिवसातून दोन-तीनदा. नववा महिना लागला की तीन-चारदा. मिक्सरमधून गुळगुळीत काढायची सवय आठव्या-नवव्या महिन्यात सोडा, हाताने कुस्करलेलं द्या.

बीट आणि डाळिंब लाल म्हणून रक्त वाढवतात हा समज इतका पक्का आहे की त्यावर बोलावंच लागतं. शंभर ग्रॅम बिटात एक मिलिग्रॅमही लोह नसतं. सफरचंदात तर त्याहून कितीतरी कमी. फळं जरूर द्या, पण लोहासाठी नव्हे. मोठ्यांच्या कपातला चहा बशीत ओतून बाळाला चाटवणं मात्र थांबवा. चहातलं टॅनिन जेवणातलं लोह अडवतं.

शाकाहारी घरात एवढं सगळं केलं तरी लोहाचं गणित जेमतेम जुळतं, म्हणून मी औषधाचा आग्रह धरते. 'ॲनिमिया मुक्त भारत' या २०१८ च्या कार्यक्रमानुसार सहा महिन्यांपासून पाच वर्षांपर्यंतच्या प्रत्येक मुलाला आठवड्यातून दोनदा १ मिली लोह-फॉलिक ॲसिडचं सिरप द्यायचं असतं. त्यात २० मिलिग्रॅम लोह असतं. आशाताईकडे किंवा ममता दिवसाला (अंगणवाडीत आई-बाळाच्या तपासणीचा आणि लसींचा दिवस) ते फुकट मिळतं. सोसायटीत राहणाऱ्या कुटुंबांना 'ते आपल्यासाठी नाही' असं वाटतं, पण ते तुमच्या मुलीसाठीही आहे. तिच्या बाबतीत दीड महिना उशीर झाला आहे, या आठवड्यात सुरू करा. जेवणानंतर द्या, दुधाबरोबर नको. शी काळी होईल, त्याने घाबरू नका. ताप किंवा मोठं आजारपण असेल तेव्हा थांबवा आणि विचारा.

आता बी-१२, आणि इथे प्रश्न मुलीपेक्षा तुमचा आहे. हे जीवनसत्त्व धान्य, डाळी, भाज्या, फळं, सुकामेवा यांत नसतं. मिळतं ते मांस, मासे, अंडी आणि दूधदुभत्यातून. शाकाहारी बाईला एकच दार उघडं असतं, ते दुधाचं, आणि बाळंतपणानंतर दिवसभरात तुमच्या पोटात खरोखर किती दूध-दही जातं ते आठवून पाहा. चहातलं दूध हिशोबात धरू नका. आईच्या शरीरात बी-१२ कमी असेल तर तिच्या दुधातही ते कमी उतरतं, आणि सहा महिने दुसरं काहीच न घेतलेल्या बाळाचा साठा रिकामा होतो. डिंकाचे लाडू, अळिवाची खीर, मेथी, शेपू, शेजारच्या गुजराती काकूंनी पाठवलेलं काटलू, यांत पुष्कळ चांगलं आहे. अळिवात तर लोह भरपूर. पण बी-१२ यांतल्या कशातच नाही.

बी-१२ची ही कमतरता फार वाढली तर काय होतं ते भारतातल्या बालरोगतज्ज्ञांना अनेक दशकांपासून माहीत आहे. सहा महिने ते दीड वर्षाचं, फक्त अंगावर पिणारं, दिसायला बऱ्यापैकी गुबगुबीत बाळ. हसायचं, ते हसेनासं होतं. मान धरायची, ती सोडते. बसायचं, ते बसेनासं होतं. कुठेही टक लावून पाहत नाही. केस विरळ आणि भुरकट, बोटांच्या पेरांवर काळपट रंग, तोंड निस्तेज, आणि पुढे हातापायांना, डोक्याला थरथर. याला इन्फंटाइल ट्रेमर सिंड्रोम म्हणतात, आणि अशा बाळांच्या आया बहुतांशी शाकाहारी आणि बी-१२ कमी असलेल्या असतात. बी-१२ सुरू केलं की पहिल्या काही दिवसांतच बाळ पुन्हा डोळ्याला डोळा देऊ लागतं, हसतं. थरथर जायला आठवडे लागू शकतात. विकास कितपत भरून येईल हे उपचार किती लवकर मिळाले यावर ठरतं. म्हणून शिकलेली एखादी गोष्ट बाळ विसरत असेल तर 'दात येताहेत', 'नजर लागली' म्हणत एकही दिवस घालवू नका.

तुमच्या मुलीत असं काही आहे असं तुमच्या लिहिण्यावरून वाटत नाही. पण तुम्ही स्वतः बी-१२ची तपासणी करून घ्या, आणि कमी निघालं तर तुम्हाला गोळ्या किंवा इंजेक्शन आणि मुलीला थेंब, दोन्ही डॉक्टरांकडून लिहून घ्या. पीसीओडीसाठी मेटफॉर्मिन किंवा रोजच्या ॲसिडिटीच्या गोळ्या बराच काळ चालू असतील तर तेही सांगा, या औषधांनी बी-१२ आणखी घटतं. फक्त फॉलिक ॲसिड घेत राहिलं तर रक्त सुधारल्यासारखं दिसतं आणि मज्जातंतूंचं नुकसान आत चालूच राहतं. हा मुद्दा धर्माचा किंवा खाण्याच्या रीतीचा नाही, शाकाहार सोडा असं मी कुणालाच सांगत नाही. ज्या घरात अंडं चालतं त्यांनी ते सातव्या महिन्यापासून, पूर्ण शिजवून, पिवळ्यासकट द्यावं. त्यातलं कोलीन हे पोषकद्रव्यही मेंदूच्या कामाचं आहे. मासे-कलेजी चालत असेल तर लोह आणि बी-१२ दोन्ही एकदम मिळतात. ज्यांना हे चालत नाही त्यांनी औषध घ्यावं, इतकंच.

अंगावरचं दूध मात्र ऑफिस सुरू झालं म्हणून तोडू नका. निदान दोन वर्षांपर्यंत चालू ठेवा. पण दुधाने बुद्ध्यांक किती वाढतो यावर जे ठासून सांगितलं जातं ते जरा जपून ऐका. बेलारूसमध्ये १९९६-९७ साली मायकेल क्रेमर यांनी १७ हजारांवर माय-लेकरांना घेऊन मोठा अभ्यास केला. ज्या रुग्णालयांनी स्तनपानाला पद्धतशीर मदत केली तिथली मुलं साडेसहा वर्षांची असताना शाब्दिक बुद्ध्यांकात साडेसात गुणांनी पुढे होती. तीच मुलं सोळा वर्षांची झाली तेव्हा हा फरक बहुतेक पुसला गेला होता. ब्राझीलमधल्या पेलोतासच्या अभ्यासात तिशीतल्या माणसांतही साधारण चार गुणांचा फरक दिसला. मला यातून एवढंच घ्यावंसं वाटतं: दूध देता येत असेल तर जरूर द्या, जुलाब-न्यूमोनियापासून त्याने होणारं रक्षण निर्विवाद आहे, आणि सारखं आजारी न पडणारं बाळ खातं, खेळतं, शिकतं. पण ज्या आईला काही कारणाने पान्हा फुटला नाही, तिने 'माझ्यामुळे मूल मंद होईल' ही धास्ती मनातून काढून टाकावी. अशा वेळी योग्य प्रमाणात कालवलेली फॉर्म्युला पावडर हाच वर्षाच्या आतला पर्याय, पाणी घातलेलं गायीचं दूध नव्हे.

ऑफिसचं असं करा. सकाळी निघण्यापूर्वी पाजा, आल्याबरोबर पाजा, रात्री पाजा. दुपारी एकदा-दोनदा हाताने किंवा पंपाने दूध काढा. स्वच्छ, झाकणाच्या स्टीलच्या डब्यात साध्या खोलीत चार तास, फ्रिजमध्ये एक दिवस टिकतं. बडोद्याच्या मे महिन्यात चार तासांवर विसंबू नका, बर्फाची पिशवी न्या. घरी ते वाटी-चमच्याने द्यावं. जुनं चांदीचं बोंडलं असेल तर तेही चालेल, मात्र त्याची चोच ब्रशने घासून उकळायची तयारी हवी. दुपारची दोन खिमटं सासूबाईंच्या हाती, म्हणजे मधे वरच्या दुधाची गरजच उरत नाही.

तो डबा परत करा. पूर्ण दिवसांच्या बाळांत डीएचए घातलेल्या पावडरीने बुद्धी वाढते असं नीट केलेल्या चाचण्यांत दिसलेलं नाही. दोन वर्षांखालच्या मुलांसाठीच्या दूध-पर्यायांची जाहिरात करायला आपल्याकडे १९९२ च्या कायद्याने बंदी आहे, ती काही उगाच नाही. बदामाबद्दल सासूबाईंचं मन राखा: उगाळून चमचाभर खिमटात घाला. पौष्टिक आहे, बुद्धीचा वेगळा गुण त्यात नाही.

गुटी बंद करा, हे मात्र मी मऊ शब्दांत सांगणार नाही. हळकुंड, वेखंड, जायफळ, मुरडशेंग सहाणेवर उगाळून देताना वेढे किती द्यायचे याला काही माप राहत नाही, जायफळ जास्त झालं तर बाळ गुंगतं, आणि सहाण, बोट, पाणी यांतून जुलाबाचे जंतू जातात. मधात सोनं उगाळून चाटवण्याची आपली रीत असो की गुजराती घरांतली गूळपाण्याची गळथूथी, जन्मलेल्या बाळाला पहिल्यांदा चीकदूधच हवं. मध वर्षाच्या आत एक थेंबही नको. त्यात बॉट्युलिझमच्या जंतूचे बीजाणू असू शकतात आणि त्याने बाळ लुळं पडतं.

शेवटची गोष्ट खायची नाही. जमेकामध्ये किंग्स्टन शहरात सॅली ग्रँथम-मॅकग्रेगर यांनी वाढ खुंटलेल्या १२९ मुलांवर एक अभ्यास केला, तो १९९१ मध्ये प्रसिद्ध झाला. काही मुलांना जादा आहार, काहींच्या घरी आठवड्यातून एकदा आरोग्यसेविका जाऊन आईला मुलाशी खेळायला-बोलायला शिकवे, काहींना दोन्ही, काहींना काहीच नाही. दोन वर्षांनी आहाराचा फायदा दिसला, खेळण्या-बोलण्याचाही दिसला, आणि दोन्ही मिळालेली मुलं सगळ्यांत पुढे होती. वीस वर्षांनी पुन्हा पाहिलं तेव्हा ज्यांच्याशी लहानपणी असं खेळलं-बोललं गेलं होतं, त्यांची कमाई इतरांपेक्षा २५ टक्क्यांनी जास्त होती. खेळणी महागडी नव्हती, घरातल्या डब्या-बाटल्यांपासून केलेली होती.

म्हणून एक घास चिऊचा, एक काऊचा करत भरवणाऱ्या आजीला तिच्या जागी राहू द्या. ती घासाला नाव देते, बाळाच्या तोंडाकडे बघते, त्याने आवाज काढला की उत्तर देते, तोंड फिरवलं की थांबते. मोबाइल समोर धरून भरवलं तर खिमट पोटात जातं, पण हे काहीच होत नाही, आणि पोट भरल्याचंही बाळाला कळत नाही. दोन वर्षांच्या आत पडदा नको, असं भारतीय बालरोगतज्ज्ञांची संघटनाही सांगते. घरात मराठी, सांभाळणाऱ्या ताईंची गुजराती आणि शेजारची हिंदी यांनी बाळ गोंधळेल का, असंही बडोद्यात हमखास विचारतात. नाही गोंधळत. प्रत्येकाने आपापल्या भाषेत भरपूर बोलावं.

या आठवड्यात करायचं ते इतकंच: लोहाचं सिरप, घट्ट खिमट, गुटी बंद, तुमचं बी-१२, आणि ड जीवनसत्त्वाचे ४०० युनिटचे थेंब चालू नसतील तर तेही. पुढच्या लसीच्या वेळी ममता कार्डावर वजनाबरोबर डोक्याचा घेरही मोजून लिहायला सांगा. नववा महिना संपेपर्यंत ती आधाराशिवाय बसत नसेल, नावाने हाक मारल्यावर वळून बघत नसेल, किंवा तळहात फिके दिसत असतील, तर पुढच्या लसीची वाट न पाहता लगेच दाखवा.